चार वाघ, वीस शेळ्या: डाव तोलायचा कसा?

नेपाळचा बाघचाल हा खेळ दोघांचा, पण दोघांची फौज वेगळी: एकाकडे 4 वाघ, दुसऱ्याकडे 20 शेळ्या. तरीही डाव एकतर्फी होत नाही. खेळाची रचना कशी करतात हे शिकायला यापेक्षा स्वस्त साधन नाही. खडू आणि 24 खडे पुरेत.

5 आडव्या, 5 उभ्या रेघा काढा; त्या जिथे एकमेकींना छेदतात ती 25 घरं. दोन्ही कर्ण काढा आणि चारही बाजूंचे मध्य तिरप्या रेघांनी जोडा. वाघ चार कोपऱ्यांत. पहिली शेळी पटावर ठेवून डाव सुरू होतो, पुढे आळीपाळीने. वाघ रेघेवरून एक घर सरकतो किंवा शेजारच्या शेळीवरून पलीकडच्या रिकाम्या घरात उडी मारून ती खातो. विसाव्या शेळीपर्यंत एकही शेळी हलवायची नाही. पाच शेळ्या गेल्या की वाघ जिंकला; चारही वाघ कोंडले की शेळ्या.

नवखे शेळ्या मध्यावर मांडतात आणि पटापट गमावतात. मधल्या घराला 8 रेघा, म्हणजे आठ दिशांनी धोका. कडेची शेळी फक्त कडेच्या रेघेवरूनच खाता येते, आणि कोपऱ्यातली तर खाताच येत नाही, कारण पलीकडे घरच नाही.

आता आकडा 5 च्या आसपास का, ते पाहा. कोपऱ्यातला वाघ कोंडायला शेजारची तीन घरं भरावी लागतात आणि उडी अडवायला त्यांच्या मागची तीन. चारही वाघ कोपऱ्यांत असतील तर कडेची 12, आतली 4 आणि मधलं 1, अशी 17 घरं लागतात. म्हणजे तीन शेळ्या गेल्या तरी ही कोंडी जमते, चौथी गेली की नाही. एवढ्या बारीक फरकावर डाव उभा आहे!

तिरप्या रेघा पुसून खेळून बघा. तीच कोंडी 12 शेळ्यांत होते आणि वाघ दुबळा पडतो. एका वेळी एकच नियम बदला, बाजू बदलून निदान दोन डाव खेळा आणि गेलेल्या शेळ्या मोजा. एकच डाव खेळलात तर फरक नियमाचा की खेळाडूचा, ते कळणार नाही.

सगळ्या शेळ्या मांडून झाल्यावर दोघं त्याच चाली फिरवत बसतात, म्हणून आधीची मांडणी पुन्हा आणायची नाही असा नियम घालतात. दोघंही अचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो, हे लिम आणि नीव्हरगेल्ट या संशोधकांनी संगणकाच्या मदतीने दाखवलं आहे.