कट्टा पेलणाऱ्या पोराला स्ट्रेचर जड का जातं?

वावरात वाढलेल्या पोराला वजन नवं नसतं. युरियाची ४५ किलोची बॅग, सोयाबीनचा कट्टा, सगळं त्याच्या पाठीवरून गेलेलं असतं. त्यामुळे अॅम्ब्युलन्सच्या कामासाठी वजन उचलून दाखवायचंय म्हटलं की त्याला ते किरकोळ वाटतं. पण कट्टा पाठीवर घेताना काय होतं ते पाहा. तो वाकून उभा राहतो आणि दुसरे दोघं कट्टा चढवून देतात. जमिनीपासून मांडीपर्यंतचा सगळ्यात अवघड टप्पा त्याच्या वाट्याला येतच नाही. स्ट्रेचर मात्र थेट जमिनीवरून, दोन्ही मुठींनी उचलावं लागतं. आपल्याकडे १०८ च्या गाडीवर डॉक्टर आणि चालक असे दोघंच असतात. त्यातही डोक्याकडच्या माणसावर निम्म्याहून जास्त भार येतो, कारण शरीराचं बरंचसं वजन धडात असतं.

शरीर ज्या हालचालीचा सराव करतं, त्याच हालचालीत मुख्यतः तयार होतं. म्हणून सरावही जमिनीवरूनच उचलण्याचा हवा.

इथे कमरेचं गणित समजून घ्यायलाच हवं. पाठ ताठ धरणारे स्नायू मणक्याच्या मध्यापासून साधारण ५ सेंटिमीटरवर असतात. २० किलोचं ओझं मणक्यापासून ५० सेंटिमीटर पुढे धरलं, तर अंतर दहापट झालं, आणि त्या ओझ्यापायीच स्नायूंना सुमारे २०० किलोइतका जोर लावावा लागतो. तेच ओझं २५ सेंटिमीटरवर आणलं की जोर निम्म्यावर येतो. वजन तेवढंच, पण कंबर वाचते. त्यामुळे ओझं अंगालगत घ्या, गुडघे आणि खुबे वाकवा, पाठ सरळ ठेवा, पोट घट्ट करा आणि पायांनी जमीन दाबत उठा.

सरावाला जिम लागत नाही. पाण्याच्या २० लिटरच्या, मजबूत मुठीच्या दोन कॅन पुरतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे हिशेब चोख राहतो. दोन्ही कॅन निम्म्या भरून पावलांच्या दोन्ही बाजूंना ठेवा आणि एकदम उचला. पाच-सहा वेळा उचललं की दोन-तीन मिनिटं थांबा. असे तीन-चार फेरे करा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. जमू लागलं की दर आठवड्याला प्रत्येक कॅनमध्ये लिटर-दोन लिटर वाढवा. शेवटी कॅन धरून अंगणात चाला, कारण पायांआधी बऱ्याचदा मूठच दगा देते. कॅन भरल्या की पुढे रेती भरलेली पोती घ्या.

पहिल्या काही आठवड्यांत दंड फारसे फुगत नाहीत, तरी उचलता येणारं वजन वाढतं. मेंदू आणि मज्जातंतू तेव्हा जास्त स्नायूतंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकत असतात. स्नायू जाड होणं त्यानंतर दिसू लागतं. म्हणून आरशात फरक दिसत नाही म्हणून सराव सोडू नका, आणि चाचणीला आठ दिवस उरल्यावर जागे होऊ नका. निदान दोन-तीन महिने द्या. खाण्यात तूरडाळ, फुटाणे, शेंगदाणे, जमत असतील तर अंडी रोज असू द्या.

उन्हाळ्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, म्हणून पोरं पहाटेच व्यायाम उरकतात. पण रात्रभर आडवं पडल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि वाकताना त्यांच्यावर जास्त ताण येतो. उठल्याबरोबर वजनाला हात घालू नका. तासभर चाला, कामं करा, मग उचला. कमरेतून पायात कळ गेली किंवा पाय बधिर वाटला, तर त्या दिवशी वजन खाली ठेवून डॉक्टरांना दाखवा.