ॲबस्ट्रॅक्ट मंजूर झाला, नोंदणीचं काय?

तंत्रज्ञान आणि शिक्षणाच्या वसाहतमुक्तीवर, म्हणजे त्यांच्यावरची वसाहतकाळापासूनची पकड सोडवण्यावर, बाहेरदेशी परिषद असली, की पीएचडीवाल्यांच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट पडतोच: 'ॲबस्ट्रॅक्ट ॲक्सेप्टेड', म्हणजे निबंधाचा गोषवारा मंजूर. खाली अभिनंदनाची रांग लागते आणि सगळे धरून चालतात की स्वारी आता निघाली. स्थळ पसंत पडलं म्हणून कार्यालय बुक होत नाही, तसंच हे आहे.

स्वीकृती देतात परीक्षक. तुमचा अडीचशे-तीनशे शब्दांचा गोषवारा ऐकण्याजोगा आहे, एवढंच ते म्हणतात. नोंदणी घेतात आयोजक. त्यांना तुमच्या युक्तिवादाशी देणंघेणं नसतं. फी आली, की यादीत नाव, गळ्यात बिल्ला आणि जेवणाच्या रांगेत जागा. म्हणूनच निबंध नसतानाही नोंदणी करता येते. उलट, निबंध मंजूर आहे पण ठरलेल्या तारखेपर्यंत एकाही लेखकाने नोंदणी केली नाही, तर बहुतेक ठिकाणी तो कार्यक्रमपत्रिकेतून गळतो. संगणकशास्त्रात हे आणखी कडक आहे. निबंध मांडायला कोणी आलंच नाही, तर तो आपल्या डिजिटल ग्रंथालयातून वगळण्याचा हक्क आयईईई ही अभियंत्यांची जागतिक संघटना राखून ठेवते.

खरा घोळ होतो कागदांचा. प्रवासखर्चासाठी अनुदान मागायला गेलात, तर स्वीकृतीपत्र लागतं. व्हिसासाठीचं निमंत्रणपत्र मात्र अनेक आयोजक फी भरल्याशिवाय देत नाहीत. म्हणजे अनुदान मिळेल की नाही हे कळायच्या आत फी खिशातून भरायची, आणि व्हिसा मिळेल की नाही हे कळायच्या आतही. कॉलेजच्या ऑडिटला पावती लागते, त्यावर नाव आणि संस्था नीट असावी. नुसतं कार्डाचं स्टेटमेंट चालत नाही. प्राध्यापकांसाठी प्रमाणपत्राचाही प्रश्न असतो. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत संशोधनाच्या गुणांकनात परदेशातल्या परिषदेत निबंध मांडल्याचे 7 गुण आहेत, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत 5. नुसतं 'सहभाग' लिहिलेलं प्रमाणपत्र त्यासाठी पुरत नाही.

फी भरताना कार्ड नाकारलं गेलं, तर लगेच परिषदेच्या साइटला नावं ठेवू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 2020 पासून नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतं चालू असतं. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आपणच सुरू करायचे.

आता या विषयाच्या वर्मावरच बोट. वसाहतवादावर बोलायला बोलवायचं आणि फी युरोत मागायची, यातली विसंगती काही आयोजकांनाही टोचते. म्हणून ते फीचे दर देशांच्या उत्पन्नगटांनुसार लावतात. जागतिक बँकेच्या यादीत भारत निम्न-मध्यम उत्पन्न गटात आहे. पण सवलत आपोआप लागेलच असं नाही. फॉर्ममध्ये गट आपणच निवडायचा असतो. त्यातही सहसा पासपोर्ट नाही, संस्था कुठली ते बघतात. लीड्समध्ये शिकणाऱ्या पुण्याच्या मुलीला ब्रिटनचाच दर पडू शकतो.

आणि स्वीकृती व नोंदणी दोन्ही पार पडूनही दार बंद राहू शकतं. 2018 मध्ये माँट्रियलच्या न्यूरिप्स या कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या परिषदेच्या वेळी 'ब्लॅक इन एआय' या कृष्णवर्णीय संशोधकांच्या कार्यशाळेला निघालेल्या अनेक आफ्रिकी संशोधकांना कॅनडाने व्हिसा नाकारला. पुढच्या वर्षी व्हँकुव्हरलाही तेच झालं. याच क्षेत्रातली आयसीएलआर ही परिषद 2020 साली इथिओपियातल्या अदिस अबाबाला ठरली होती. कोविडमुळे ती ऑनलाइन झाली, पण 2023 मध्ये आफ्रिकेतच, रवांडातल्या किगालीत, खरोखर भरली. माझ्या मते वसाहतमुक्तीवरच्या दहा बीजभाषणांपेक्षा या एका ठिकाणबदलाचं वजन जास्त आहे.

असे बदल सगळीकडे होईपर्यंत स्वीकृतीची मेल आली, की त्याच दिवशी आयोजकांना चार गोष्टी विचाराव्यात: लेखक-नोंदणीची शेवटची तारीख काय, फीमाफी आहे का, व्हिसाचं पत्र फी भरण्याआधी मिळेल का, आणि व्हिसा नाकारला गेला तर पैसे परत मिळतात की ऑनलाइन सादरीकरणाची मुभा देतात. फीमाफीचा अर्ज मात्र अर्ली बर्डची, म्हणजे लवकर नोंदणीच्या सवलतीची, मुदत संपायच्या आत जायला हवा. नंतर केलेला अर्ज मंजूर झाला नाही, तर पूर्ण दराने भरावं लागतं.