‘ऑरेंज’मधला ‘न’ इंग्रजांनी गाळला नाही

‘अ नॉरेंज’ म्हणता म्हणता इंग्रजीत ‘अ‍ॅन ऑरेंज’ झालं, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. ‘अ‍ॅप्रन’चं तसं खरंच झालं (आधी तो ‘नॅप्रन’ होता), ऑरेंजचं नाही. संस्कृत ‘नारङ्ग’ फारसीत ‘नारंग’, अरबीत ‘नारंज’ झाला. स्पॅनिशने ‘न’ राखला, पोर्तुगीजने त्याचा ‘ल’ केला: ‘लारांजा’. इटालियन ‘अरांचा’ आणि फ्रेंच ‘ओरांज’मधून मात्र तो आधीच गळाला होता, इंग्रजीने फ्रेंचकडून उचलला तो ‘न’विनाच. सुरुवातीचा ‘ओ’ बहुधा फ्रेंच ‘ऑर’च्या, म्हणजे सोन्याच्या, प्रभावाने आला.

फ्रान्समधलं ऑरेंज हे गाव वेगळंच प्रकरण: त्याचं रोमनकालीन नाव अराउसिओ, फळाशी नातं नाही.

शिवाय ‘नारंज’ म्हणजे मुळात कडू फळ. गोड फळाला अरबीत ‘बुर्तुकाल’ म्हणतात. ते नाव पोर्तुगालवरून पडलं.