रक्तक्लथन प्रथिने आणि कर्करोग

रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांचा (ऊतक घटक, थ्रॉम्बिन, फायब्रिनोजेन इ.) कर्करोगाच्या वाढीशी व प्रसाराशी असलेला संबंध. हा संबंध दुहेरी आहे : अर्बुदामुळे (कर्करोगाच्या गाठीमुळे) रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि गोठण्याची यंत्रणा अर्बुदाच्याच कामी येते.

या निरीक्षणाचे श्रेय सामान्यतः पॅरिसचे वैद्य आर्मां त्रुसो यांच्या १८६५ मधील व्याख्यानाला देतात. तथापि झां बातीस्त बूयो यांनी १८२३ मध्येच कर्करोग्यांच्या शिरांतील गुठळ्यांची नोंद केली होती, त्यामुळे काही इतिहासकार त्यांना अग्रमान देतात. कालक्रम बूयोंच्या बाजूचा असला, तरी उघड कारण नसताना शिरेत झालेली गुठळी ही लपलेल्या कर्करोगाची खूण असू शकते, हा निदानाचा मुद्दा त्रुसोंनी मांडला. ‘त्रुसो लक्षणसमूह’ हे नाव त्यामुळे सार्थ वाटते. १८६७ मध्ये त्रुसोंना स्वतःलाच शिरेतील गुठळीचा हा विकार जडला आणि त्याच वर्षी ते वारले. कर्करोग जठराचा असावा, असे बहुतेक मानतात. स्वादुपिंडाचाही उल्लेख आढळतो. गुठळीत कर्कपेशी असल्याचे थिओडोर बिलरोथ यांनी १८७८ च्या सुमारास दाखवले.

ऊतक घटक एरवी रक्तवाहिनीबाहेरच्या पेशींवर असतो व इजा झाली तरच रक्ताच्या संपर्कात येतो. अनेक कर्कपेशी तो पृष्ठभागावर बाळगतात. रक्तातील सातव्या गोठण-घटकाशी त्याचा संयोग झाला की गोठण्याच्या क्रियांची साखळी थ्रॉम्बिनपर्यंत पोहोचते. थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनपासून फायब्रिन (गुठळीचे जाळीदार तंतू) बनवते. शिवाय पेशीवरील विशिष्ट ग्राही (संकेत घेणारी प्रथिने) छेदून तिला विभाजनाचे व स्थलांतराचे संकेत देते. अर्बुदातील झिरपणाऱ्या वाहिन्यांतून बाहेर पडलेले फायब्रिनोजेन तिथेच गोठते व त्या जाळीतून नव्या वाहिन्या वाढतात. यावरूनच हॅरल्ड ड्व्होरॅक यांनी १९८६ मध्ये अर्बुदाला न भरणाऱ्या जखमेची उपमा दिली.

प्रसाराचा पुरावा वाढीच्या पुराव्यापेक्षा भक्कम दिसतो. फायब्रिनोजेन नसलेल्या उंदरांवरील २००० सालच्या प्रयोगात मूळ अर्बुद नेहमीप्रमाणेच वाढले, मात्र फुप्फुसातील दुय्यम गाठी कमी झाल्या. रक्तात शिरलेल्या कर्कपेशीभोवती बिंबाणू व फायब्रिनचे कवच बसते आणि शरीराच्या संरक्षण यंत्रणेतील नैसर्गिक मारक पेशींना ती सहज नष्ट करता येत नाही. मारक पेशीच नसलेल्या उंदरांत हा फरक जवळजवळ नाहीसा होतो, असे २००५ मध्ये दिसले. आतड्याच्या व स्वादुपिंडाच्या अर्बुदांत मात्र वाढीवरही परिणाम आढळला आहे. सर्व कर्करोगांना एकच नियम लावता येत नाही.

रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिन या औषधाने कर्करोग्यांचे आयुष्य वाढेल, ही आशा मानवी चाचण्यांत सातत्याने फळाला आली नाही. कमी रेणुभाराचे हेपारिन गुठळीवर व ती टाळण्यासाठी देतात, कर्करोगावर नव्हे.

कर्करोग्यात गुठळी होण्याच्या धोक्याच्या अंदाजासाठी खोराना गुणांक (२००८) वापरतात. त्यात कर्करोगाच्या जागेनुसारही गुण देतात; जठर व स्वादुपिंड सर्वांत वर आहेत. आपल्याकडे नेहमी आढळणाऱ्या तोंडाच्या व स्तनाच्या कर्करोगाला जागेचे गुण मिळत नाहीत. नाशिकमध्ये उपचारांसाठी शहरातल्यांबरोबरच धुळे-नंदुरबारकडचे रुग्णही येतात, काहींना पुढे मुंबईला जावे लागते. तासन्‌तास गाडीत बसल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर तो प्रवासाचा शीण समजू नये. डॉप्लर सोनोग्राफीने पायातली गुठळी बहुधा कळते.