औद्योगिक द्रावकांचे आरोग्यावरील परिणाम

रंग पातळ करणे, यंत्रभागांवरचे ग्रीस काढणे, चिकटवण्याचे सोल्युशन लावणे, जुना रंग उतरवणे अशा कामांत वापरली जाणारी, झपाट्याने उडणारी सेंद्रिय द्रव्ये म्हणजे औद्योगिक द्रावक. वर्कशॉपमध्ये त्यांतल्या बहुतेकांना सरसकट ‘थिनर’ म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. डब्यात टोल्यूइन, झायलीन, ॲसिटोन, मिथेनॉल यांपैकी काहीही असू शकते, आणि प्रत्येकाचा घात वेगळा.

द्रावक शरीरात जातो तो मुख्यतः श्वासावाटे. 100 मिलिलिटर टोल्यूइन, म्हणजे जेमतेम अर्धा पेला, उडाले की सुमारे 23 लिटर वाफ होते. 30 घनमीटरच्या बंद खोलीत ती पसरली तर प्रमाण 750 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 750 भाग वाफ) वर जाते. अमेरिकेतील नायॉश ही कामगारांच्या आरोग्यासाठीची सरकारी संस्था 500 पीपीएमलाच जीवाला तत्काळ धोका मानते. शिवाय नाक दगा देते. काही वेळात वास जाणवेनासा होतो, वाफ मात्र तिथेच असते. टोल्यूइनची वाफ हवेच्या तिप्पट जड असल्याने ती पिटमध्ये (गाडीखाली काम करण्याच्या खड्ड्यात) आणि जमिनीलगत साचते. म्हणून छताजवळच्या पंख्यावर विसंबू नये. वाफेची ओढ कामाच्या जागेवरच, कामगाराच्या तोंडापासून दूर जाणारी हवी.

सुरुवातीला डोके दुखते, गरगरते, दारू चढल्यासारखे वाटते. सुट्टीत बरे वाटत असेल तर संशय कामावरच घ्यावा. वर्षानुवर्षांच्या संपर्काने विसराळूपणा आणि चिडचिड मागे राहतात. टोल्यूइनला मोठ्या आवाजाची जोड मिळाली तर ऐकणेही मंदावते.

सोल्युशनमधल्या एन-हेक्झेनचे शरीरात 2,5-हेक्झेनडायोन बनते. ते हातापायांच्या नसा निकामी करते: आधी बोटांना मुंग्या येतात, मग चालताना पंजा घसटतो. काम सोडल्यावरही काही महिने त्रास वाढू शकतो. मिथाइल इथाइल कीटोन सोबत असल्यास ही इजा बळावते. रंग उतरवण्याच्या डायक्लोरोमिथेनपासून शरीरातच कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. मोकळ्या हवेत आल्यावरही त्याची पातळी काही काळ चढत राहते. बेंझिनमुळे रक्ताचा, तर ट्रायक्लोरोइथिलीनमुळे मूत्रपिंडाचा कर्करोग होतो. क्लोरीनयुक्त द्रावकाने पुसलेला, अजून ओला असलेला भाग वेल्डिंगला घेऊ नये. फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होतो.

हात थिनरने धुण्याची सवय सर्रास दिसते. त्याने त्वचेतली चरबी निघते, भेगा पडतात आणि पुढचा द्रावक सहज आत शिरतो. नायट्राइलचे पातळ हातमोजे ॲसिटोन किंवा डायक्लोरोमिथेन काही मिनिटांतच भेदतात, मोजा वरून धड दिसत असला तरी. ॲसिटोनसाठी ब्यूटाइल रबर चालते. डायक्लोरोमिथेनला पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) लागते, पण ते पाण्यात विरघळते.

धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. सक्रिय कोळशाची कार्ट्रिज लागते. तीही डायक्लोरोमिथेन आणि मिथेनॉलला फार थोडा वेळ थोपवते, तिथे बाहेरून हवा पुरवणारे उपकरणच घ्यावे. पिटमध्ये कोणी कोसळला तर मागोमाग उडी घेऊ नये.

द्रावक गिळला गेल्यास उलटी करवू नये. थेंबभर फुप्फुसात गेला तरी तीव्र दाह होतो. दवाखान्यात जाताना डबा किंवा त्याचे लेबल सोबत न्यावे, कारण मिथेनॉलवर उतारा आहे, टोल्यूइनवर नाही.