जास्त लुमेन म्हणजे लांब झोत? नाही!

लुमेन जास्त म्हणजे टॉर्चचा झोत लांब, हा समज चुकीचा. लुमेन हा एकूण प्रकाश. पल्ला ठरतो कँडेलावर, म्हणजे एका दिशेने जाणाऱ्या झोताच्या तीव्रतेवर. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, मीटर मिळतात. 10,000 कँडेलाचे 200 मीटर, आणि तिथेही पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच उजेड, 0.25 लक्स (पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक)!

एएनएसआय एफएल1 या टॉर्चच्या अमेरिकी मानकानुसार लुमेन मोजतात टॉर्च लावल्यापासून 30 सेकंद ते 2 मिनिटांत. पुढे टॉर्च तापली की ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला करंट पुरवणारं सर्किट, करंट उतरवतो. सेल जवळपास थेट एलईडीला जोडणाऱ्या साध्या एफईटी ड्रायव्हरमध्ये तर सेल पूर्ण चार्जच्या 4.2 व्होल्टवरून उतरेल तसा उजेडही उतरतो. चांगला बक (व्होल्टेज कमी करणारा) किंवा बूस्ट (वाढवणारा) ड्रायव्हर तो बराच वेळ स्थिर ठेवतो.

6500 केल्विनचा निळसर उजेड प्रखर वाटतो खरा, पण पायवाटेवर माती, पाचोळा, साप वेगळे दिसायला 4000 केल्विन (त्याहून पिवळसर उजेड) आणि 90 च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा 100 पैकी आकडा) घ्या, लुमेन थोडे कमी मिळाले तरी.