नवी नोंद वेगळी, नवी आलेली जात वेगळी

आमच्या सांगलीच्या मुलांची सहल दर वर्षी मालवणला जाते. ओहोटीला खडकांवरची हिरवी शेवाळं गोळा होतात, काहींचा डीएनए तपासून येतो आणि प्रकल्पवहीत तेच वाक्य उमटतं: ‘ही जात इथे पहिल्यांदाच सापडली, म्हणजे ती बाहेरून आली.’ त्या ‘म्हणजे’वर मी दर वर्षी तांबडी रेघ मारतो.

नवी नोंद काय असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. यादीत नाव नव्हतं, आता आलं. नवी आलेली जात म्हणजे त्या पाण्यात पूर्वी नसलेली, जहाजाच्या तळाला चिकटून किंवा मत्स्यालयातून सुटून पोचलेली.

सातबाऱ्यावर आज नाव लागलं म्हणून तो माणूस आज गावात आला, असं कुठला तलाठी म्हणेल? शेवाळांच्या जुन्या याद्या आकार बघून केलेल्या आहेत आणि उल्वा या समुद्री हिरव्या शेवाळाच्या बाबतीत आकार हमखास फसवतो. नळीसारखी ती एंटेरोमॉर्फा, पानासारखी ती उल्वा, ही वाटणी २००३ साली डीएनएच्या पुराव्यावर मोडीत निघाली. उल्वा कॉम्प्रेसा ही एकच जात कुठे नळी होऊन वाढते, कुठे पान होऊन. म्हणजे जात ओळखायला वापरतात ते हरितलवकातलं टफ-ए जनुक वाचून आज जे नाव मिळतं, त्या नावाचं शेवाळ त्याच खडकावर दुसऱ्या नावाने शंभर वर्षं नांदत असू शकतं.

मग बाहेरून आलेली जात ओळखायची कशी? एका नमुन्यावरून नाहीच. तिच्या मूळ प्रदेशातले आणि इथले भरपूर नमुने शेजारी ठेवावे लागतात. मोजक्या रोपांपासून वाढलेल्या वस्तीत जनुकीय विविधता बहुधा कमी दिसते. उल्वा ऑस्ट्रॅलिसचं नाव ऑस्ट्रेलियाचं, पण विविधतेचा माग काढला तर मूळ घर ईशान्य आशियात निघतं. भूमध्य समुद्रातल्या कॉलर्पा टॅक्सिफोलिया या हिरव्या शेवाळाचं उदाहरण मला सगळ्यात पक्कं वाटतं. १९८४ मध्ये ती मोनॅकोजवळ दिसली आणि पुढे तिचा डीएनए मत्स्यालयांत वाढवलेल्या कॉलर्पाशी जुळला. इथे ‘आली’ म्हणायला आधार आहे.

नुसतं नाव बदलण्याचा तिसराही एक घोळ आहे, पण तो किरकोळ. आपल्या किनाऱ्यावरच्या उल्वा फॅसिआटाला आता उल्वा लॅक्टुका म्हणायचं, कारण लॅक्टुका हे नाव ज्यावरून पडलं, त्या वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या मूळ नमुन्याचा डीएनए २०१९ मध्ये वाचला गेला आणि तो तिच्याशीच जुळला. यात कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही.

जुने वाळवलेले नमुने म्हणूनच मला सोन्यासारखे वाटतात. त्यांतूनही डीएनए निघू शकतो. मुलांनी प्रत्येक शेवाळाचा एक तुकडा ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये ठेवावा, उरलेलं कागदावर दाबून वाळवावं, तारीख आणि जागा लिहावी. वहीत ‘या किनाऱ्यावरून डीएनएच्या आधारे पहिली नोंद’ एवढंच लिहावं. ‘परदेशी’ लिहायचं असेल तर मूळ वस्तीशी केलेली तुलना सोबत जोडावी.